तुरुंगातून आलेला महापौर

महापौर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. अंगात झगा, गळ्यात साखळी, पाहुण्याच्या हातात पुष्पगुच्छ आणि उद्यानाच्या कोनशिलेवर कोरलेले नाव. या चित्रात आपण कोठेच नसतो. आपला मालक रेल्वे बोर्ड किंवा टपाल खाते. पगार दिल्लीत ठरतो, महागाई भत्ता दिल्लीतून जाहीर होतो, बोनससाठी आपण दिल्लीशी भांडतो. मग महापालिकेत कोण बसले आणि कोण उठले याच्याशी आपले काय देणेघेणे, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत झाली आहे.

ही समजूत चुकीची आहे आणि ती आपल्याला महाग पडते आहे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी एका महापौराचे चरित्र थोडे तपशिलाने पाहू. त्यांचे नाव युसुफ मेहेरअली. १९४२ साली ते मुंबईचे महापौर झाले. बाहेर राहून काम करायला त्यांना जेमतेम चार महिने मिळाले. तरीही १९५० साली ते गेले तेव्हा या शहराची चाके काही मिनिटे थांबली. एवढ्या थोड्या दिवसांच्या महापौराला एवढे वजन आले कोठून? या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या कामाचे बरेच काही आहे.

हमालाच्या वेषातला तरुण

मेहेरअलींचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत, एका सधन मुस्लिम व्यापारी घराण्यात झाला. पणजोबांनी मुंबईत कापडगिरणी काढलेली. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, पुढे कायद्याचा अभ्यास. अशा घरातल्या मुलाने वकिली करावी, पैसा मिळवावा आणि सरकारदरबारी मान मिळवावा, ही त्या काळची रीत. मेहेरअली कायद्याची परीक्षा उतरले, पण राजकीय हालचालींमुळे त्यांना वकिलीची परवानगीच नाकारण्यात आली. सरकारला हा तरुण कोर्टात नको होता. त्याने मग रस्ता धरला.

१९२८ च्या ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले. हिंदुस्थानच्या भवितव्याचा विचार करायला आलेले सात सभासद, आणि त्यांत एकही हिंदी माणूस नाही. मेहेरअली आणि त्यांच्या यूथ लीगच्या तरुणांनी होड्यांतून समुद्रात जाऊन कमिशनला गाठायचे ठरवले होते. बेत फुटला. तेव्हा हे तरुण हमालांचे कपडे घालून गोदीत शिरले आणि धक्क्यावरच घोषणा दिली, 'सायमन, परत जा'. लाठ्या बसल्या. पण ती घोषणा धक्क्यावरून निघाली आणि देशभर पोचली. ती तयार करण्याचे श्रेय मेहेरअलींना दिले जाते.

या प्रसंगात आपल्या दृष्टीने एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. गोदीत हमालाकडे कोणी वर मान करून पाहत नाही. साहेब त्याच्या अंगावरून जातो, पण त्याचा चेहरा पाहत नाही. स्टेशनावरचा हमाल, थैल्या उचलणारा टपाल कामगार आणि रुळांवरचा गँगमन यांना हे वेगळे सांगायला नको. गिरणीमालकाच्या पणतूने शिरण्यासाठी नेमका हाच वेष निवडला, कारण न पाहिलेला माणूस कोठेही जाऊ शकतो हे त्याला ठाऊक होते.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास झाला. १९३२ साली पुन्हा दोन वर्षांची शिक्षा झाली. त्या काळात नाशिकच्या तुरुंगात तरुण राजबंद्यांच्या ज्या चर्चा झाल्या, त्यांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्याबरोबर मेहेरअली त्या पक्षाच्या उभारणीत होते. स्वराज्य मिळाले आणि जमीन, गिरणी, सावकारी जिथल्या तिथे राहिली, तर कष्टकऱ्याच्या हाती काय येणार, हा या तरुणांचा प्रश्न होता. १९३८ साली न्यूयॉर्कजवळ भरलेल्या जागतिक युवक परिषदेला ते हिंदी शिष्टमंडळ घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी देशातील नेत्यांची ओळख करून देणाऱ्या स्वस्त पुस्तिका काढल्या. सामान्य वाचकाला परवडेल अशा किमतीत विचार पोचवायचा, हे त्यांचे ठरलेले काम होते.

कैदी ते प्रथम नागरिक

१९४२ च्या आरंभी मेहेरअली लाहोरच्या तुरुंगात होते. तिकडे मुंबईत महापौरपदाची निवडणूक आली आणि काँग्रेसने त्यांचे नाव पुढे केले. उमेदवार तुरुंगात! निवडणुकीसाठी त्यांची सुटका झाली, ते निवडून आले आणि तोवरच्या मुंबईच्या महापौरांत सर्वांत तरुण ठरले. तेव्हा त्यांचे वय अडतीस होते.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. फेब्रुवारीत सिंगापूर पडले होते, मार्चमध्ये रंगून. जपानी विमाने मुंबईवर येतील या भीतीने अनेक कुटुंबे गावाकडे निघालेली. रेल्वेवर युद्धसामग्रीचा ताण, धान्य महाग, रात्री शहर अंधारात. अशा वेळी शहराच्या प्रथम नागरिकाच्या खुर्चीत नुकताच कोठडीतून आलेला माणूस बसला.

त्या वेळचा मतदार कोण होता हेही सांगितले पाहिजे. महापालिकेचे मत तेव्हा सरसकट सर्वांना नव्हते. कर भरणाऱ्याला आणि ठरावीक घरभाडे देणाऱ्याला ते होते. चाळीतील एका खोलीत दहाजण राहणारे गिरणी कामगार, गोदी कामगार, खलाशी यांतील बहुसंख्यांना मतच नव्हते. प्रौढ मताधिकाराने मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली. म्हणजे मेहेरअली महापौर झाले ते ज्यांच्यासाठी लढत होते त्यांच्या मतांवर नव्हे. ज्यांना मत नव्हते त्यांचा विश्वास मात्र त्यांनी आधीच मिळवला होता, रस्त्यावर आणि तुरुंगात.

महापौरपदाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट उजाडला. 'भारत छोडो' ही दोन शब्दांची घोषणाही मेहेरअलींनीच सुचवली, हे आता सर्वमान्य आहे. आठवणी सांगणाऱ्यांनी असे नोंदवले आहे की, ब्रिटिशांना काय सांगावे याबद्दल गांधीजींपुढे निरनिराळे शब्द आले, काही त्यांना उर्मट वाटले, आणि मेहेरअलींनी दिलेले शब्द त्यांनी पसंत केले. त्या नावाची एक छोटी पुस्तिकाही मेहेरअलींनी काढली होती. ७ आणि ८ ऑगस्टला गवालिया टँकवर काँग्रेस महासमितीची बैठक झाली. ९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड सुरू झाली. मोठ्या नेत्यांना बोरीबंदरहून खास गाडीने पुण्याच्या दिशेने नेण्यात आले. मुंबईच्या महापौरालाही अटक झाली. चार महिन्यांपूर्वी ज्याला कोठडीतून आणून खुर्चीवर बसवले, त्याला खुर्चीवरून उठवून पुन्हा कोठडीत टाकले.

एकट्याला सवलत नको

या तुरुंगवासात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना बाहेरच्या रुग्णालयात खास उपचारांसाठी हलवण्याची तयारी दाखवली. मेहेरअलींनी विचारले, माझ्याबरोबरचे आणखी दोन राजबंदी आजारी आहेत, त्यांचे काय? त्यांनाही तीच सोय मिळावी अशी मागणी त्यांनी केली. ती मान्य झाली नाही. तेव्हा त्यांनी स्वतःला देऊ केलेली सवलतही नाकारली. १९४३ साली त्यांची सुटका झाली, पण प्रकृती कायमची खालावली होती.

बंधू-भगिनींनो, संघटनेचे शिक्षण याहून थोडक्यात देता येणार नाही. आपल्यातले कित्येक कार्यकर्ते पाहा. सुरुवात सर्वांच्या मागणीने होते. मग साहेब केबिनमध्ये बोलावतो आणि म्हणतो, तुमच्या बदलीचे बघू, तुमच्या क्वार्टरचे बघू. बाकीच्यांचे नंतर पाहू. या 'नंतर'मध्ये किती लढे विरले याची गणती नाही. मेहेरअली त्या वेळी शहराचे महापौर म्हणून निवडून आलेले होते. त्यांना सवलत घेण्यात काही गैर आहे असे कोणी म्हटले नसते. जीव धोक्यात होता. तरीही त्यांनी हिशेब एकट्याचा केला नाही.

२ जुलै १९५० रोजी, वयाची सत्तेचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईने त्यांच्यासाठी काम थांबवले. बसगाड्या आणि ट्रॅम थांबल्या, लोकल गाड्या थांबल्या, गिरण्यांचा आवाज बंद झाला. तेव्हा अजून मध्य आणि पश्चिम रेल्वे झालेल्या नव्हत्या, जीआयपी आणि बीबीसीआय हीच नावे होती. बस आणि ट्रॅम मात्र १९४७ च्या ऑगस्टपासून महापालिकेच्या मालकीच्या झालेल्या होत्या. गाडी आपोआप थांबत नाही. मोटरमनने हँडल मागे घ्यावे लागते, गार्डाने ते मान्य करावे लागते, ट्रॅमच्या ड्रायव्हरने ब्रेक लावावा लागतो. तो मान कामगारांनी दिला. मुसलमान घरात जन्मलेल्या या समाजवादी नेत्यासाठी, फाळणीच्या जखमा ताज्या असताना, मुंबईच्या सर्व धर्मांच्या कामगारांनी हात थांबवले. आज जे लोक कामगाराला आधी त्याचा धर्म विचारतात, त्यांना हा दिवस सांगितला पाहिजे.

खुर्चीत किती बळ?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महापौराच्या हाती असते तरी काय? कायद्याने पाहिले तर मुंबईत फारच थोडे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे दिला. आयुक्ताची नेमणूक सरकार करते. महापौर सभागृहाचा अध्यक्ष असतो. त्याला निवडतात ते नगरसेवक. पूर्वी ही निवड वर्षभरासाठी असे, आता अडीच वर्षांसाठी असते. कचरा उचलण्याचा आदेश, अतिक्रमण हटवण्याचा आदेश, बदली, निविदा, हे सारे आयुक्ताच्या सहीने चालते. सत्तर हजार कोटी रुपयांहून मोठे अंदाजपत्रक असलेल्या या महापालिकेचा महापौर स्वतःच्या सहीने एक शिपाई नेमू शकत नाही, असे म्हटले जाते ते फारसे चुकीचे नाही.

ही स्थिती बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९९८ साली मुंबईत महापौर परिषदेची पद्धत आणली गेली, म्हणजे महापौर आणि त्याचे सहकारी मंत्रिमंडळासारखे कारभार पाहतील. वर्षभरात ती गुंडाळली गेली. कोलकात्यात मात्र १९८० च्या कायद्याने ही पद्धत आली आणि ती टिकली. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात महापौर थेट जनता निवडते. देशात एकच घडी नाही. आपले वाचक झाशी, भोपाळ, इटारसी, हुबळी, सिकंदराबाद अशा दूरच्या गावी नोकरी करतात. त्यांनी आपापल्या शहराचा कायदा वेगळा आहे हे ध्यानात ठेवावे.

मग अधिकार नसलेल्या खुर्चीत बसून मेहेरअली मोठे कसे झाले? उत्तर सरळ आहे. कायदा अधिकार देतो, पण वजन देत नाही. वजन खुर्चीबाहेर मिळवावे लागते. ते चळवळीत मिळते, तुरुंगात मिळते, माणसांच्या सोबत राहून मिळते. मेहेरअली खुर्चीवर आले तेव्हा हे वजन बरोबर घेऊन आले. खुर्ची गेली तेव्हा ते बरोबर घेऊन गेले. ज्याच्याजवळ हे वजन नसते, तो खुर्चीत बसून फीत कापतो आणि खुर्ची गेली की त्याचे नाव कोनशिलेवर तेवढे उरते.

कामगार चळवळ आणि महापालिका

मेहेरअलींचे उदाहरण एकटे नाही. आपल्या चळवळीचा आणि नगरांच्या कारभाराचा संबंध जुना आहे, आपण तो विसरलो आहोत. १९२३ साली लाहोरला ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते देशबंधू चित्तरंजन दास. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याचे पहिले महापौर झाले. त्यांनी महापालिकेपुढे ठेवलेला कार्यक्रम आज वाचला तरी ताजा वाटतो: मोफत प्राथमिक शिक्षण, गरिबांना मोफत औषधोपचार, स्वच्छ व स्वस्त अन्न आणि दूध, वस्त्यांची स्वच्छता, गरिबांसाठी घरे. सुभाषचंद्र बोस १९३० साली कलकत्त्याचे महापौर म्हणून निवडून आले तेव्हा तेही तुरुंगात होते. पुढच्या वर्षी त्यांनी ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले.

मुंबईत १९५८ साली शां. सा. मिरजकर महापौर झाले. १९२९ च्या मेरठ कटाच्या खटल्यातील ते एक आरोपी, गिरणी कामगारांच्या लढ्यातून वर आलेले आणि तेव्हा आयटकचे अध्यक्ष. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची लाट होती, आणि कामगारांच्या हाती आता मत होते. १९४२ आणि १९५८ यांत हा मोठा फरक आहे.

आपल्या रेल्वे कामगारांना आणखी एक उदाहरण जवळचे आहे. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी रेल्वे संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस हे १९६१ पासून मुंबई महापालिकेत नगरसेवक होते. १९६७ साली त्यांनी दक्षिण मुंबईतून ज्या स. का. पाटलांना पाडले, ते पाटील स्वतः पूर्वी मुंबईचे महापौर होते आणि पुढे केंद्रात रेल्वेमंत्री झाले होते. म्हणजे आपल्या धुरिणांनी महापालिकेला कधी परके मानले नव्हते. नळ, गटार, शाळा, दवाखाना हे प्रश्न त्यांना वेतनाच्या प्रश्नाइतकेच कामगारांचे वाटत होते.

महापौरच नसलेली चार वर्षे

आता अलीकडचे पाहू. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षे शहराला महापौर नव्हता, नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती. प्रशासक होता. २०२३, २०२४ आणि २०२५ ची अंदाजपत्रके प्रशासकाने मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे येथेही २०२२ पासून तीच गत. छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नवी मुंबई येथे तर २०२० पासून. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर चेन्नईत २०१६ ते २०२२ पर्यंत निवडून आलेले सभागृह नव्हते. बंगळुरूत सप्टेंबर २०२० मध्ये मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे निवडणूक झाली नाही.

कारणे सांगितली गेली. प्रभागरचना, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, न्यायालयातील दावे. आरक्षणाचा प्रश्न खरा आहे आणि तो न्याय्य रीतीने सुटलाच पाहिजे. पण घटनेचे २४३ यू हे कलम सांगते की, मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पार पडली पाहिजे. १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने हे घटनेत आले. विधानसभेची किंवा लोकसभेची निवडणूक चार वर्षे पुढे ढकलली असती तर देशात केवढे वादळ उठले असते! महापालिकेच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी बहुतेकांना काही कमी झाल्यासारखे वाटले नाही. खरी चिंतेची बाब ही आहे. महापौराचे पद बिनकामाचे, असे आपणच म्हणत राहिलो, आणि ते रिकामे ठेवणाऱ्यांचे काम सोपे झाले.

एखादा म्हणेल, प्रशासकाच्या काळातही पाणी आले, कचरा उचलला गेला. हो, गेला. इंग्रजांच्या राज्यातही गाड्या वेळेवर सुटत होत्या. प्रश्न विचारण्याची जागा कोणती, हा मुद्दा आहे. नगरसेवकाच्या दारात रात्री जाता येते. सभागृहात त्याला उभे करता येते. पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येते. प्रशासकाच्या दारात पास काढून जावे लागते, आणि त्याची बदली आपण करू शकत नाही.

आपला संबंध कसा?

रेल्वे कामगाराच्या वसाहतीचे पाहा. केंद्राच्या मालमत्तेवर घटनेच्या २८५ व्या कलमाने स्थानिक कर लागत नाही, त्याऐवजी सेवाशुल्काची व्यवस्था आहे. परिणाम असा होतो की वसाहतीतील गटार तुंबले तर महापालिका म्हणते जागा रेल्वेची, आणि रेल्वे म्हणते पुढचा नाला महापालिकेचा. पाणी मात्र दोघांच्या मधून थेट घरात शिरते. रुळांखालच्या मोऱ्या साफ झाल्या की नाहीत यावर पावसाळ्यात लोकल चालणार की नाही हे ठरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि आपल्याच कामगारांनी प्रवाशांना रुळांवरून चालवत नेले. नाल्याचा प्रश्न महापालिकेचा, पण कंबरभर पाण्यात उभा राहणारा पॉइंट्समन आपला.

टपाल कामगाराचे पाहा. शहर कसे वाढते आहे हे पोस्टमनइतके कोणाला कळत नाही. कोणत्या गल्लीला नाव नाही, कोणत्या वस्तीला घरनंबर नाही, काल असलेली वस्ती आज पाडली गेली आणि तिथली माणसे कोठे गेली, हे सर्व त्याच्या बीटमध्ये असते. घराला नंबर नाही म्हणजे शिधापत्रिका नाही, नळाचे कनेक्शन नाही, मतदारयादीत नाव नाही. हा नंबर पोस्टमन देऊ शकत नाही, महापालिका देऊ शकते. ज्याला शहर पायाने ठाऊक आहे, त्यानेच शहराच्या कारभाराकडे पाठ फिरवावी हे बरे नव्हे.

आणि आपली मुले कोणत्या शाळेत, आपले निवृत्त सोबती कोणत्या दवाखान्यात, आपल्या वस्तीतील सफाईचे काम करणारी बाई कंत्राटात किती पगारावर राबते? ती बाईही कामगारच आहे. तिचा लढा आपल्या ठरावात यायला हवा.

आता काय करायचे ते

आपल्यावर बंधने आहेत, हे मान्य. टपाल कामगाराला १९६४ चे आचारनियम आणि रेल्वे कामगाराला १९६६ चे आचारनियम निवडणूक लढवू देत नाहीत, प्रचारही करू देत नाहीत, आणि यांत स्थानिक संस्थांच्या निवडणुकाही येतात. या नियमांचा फेरविचार व्हावा ही मागणी जुनी आहे. पण नियमांच्या आत राहूनही पुष्कळ करता येते.

पहिले म्हणजे मतदान. २०१७ च्या मुंबईच्या निवडणुकीत शंभरातले पंचावन्नच मतदार मत द्यायला गेले. १९४२ मध्ये ज्या कामगाराला मतच नव्हते, त्याच्या नातवाने ते घरी ठेवून झोपावे, याला काय म्हणावे? मतदारयादीत आपले आणि घरातील सर्वांचे नाव आहे की नाही, हे शाखेने वर्षातून एकदा तपासावे.

दुसरे, प्रत्येक शाखेने आपल्या वसाहतीच्या आणि वस्तीच्या नागरी प्रश्नांची यादी करावी. गटार, पाणी, दिवे, दवाखाना, शाळा. ती लेखी निवेदनाने नगरसेवकाला, प्रभाग कार्यालयाला आणि महापौराला द्यावी. पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर पुन्हा जावे. निवेदन देणे हे संघटनेचेच काम आहे, त्याला कोणताही नियम आड येत नाही.

तिसरे, आपले निवृत्त सोबती. त्यांच्यावर नोकरीचे बंधन उरलेले नाही. चाळीस वर्षे संघटनेत घासलेली ही माणसे प्रभागात उभी राहिली, प्रश्न विचारू लागली, तर महापालिकेच्या सभागृहाला अनुभवी आवाज मिळेल.

चौथे, महापौराला खरा अधिकार आणि त्याबरोबर खरी जबाबदारी मिळावी, आणि मुदत संपताच निवडणूक व्हावी, असा ठराव प्रत्येक विभागीय अधिवेशनात झाला पाहिजे. वेतन आयोगाच्या ठरावाखाली एक ओळ याही ठरावाची असू द्या.

मेहेरअलींच्या नावाचे स्मरण ठेवणारे एक केंद्र रायगड जिल्ह्यात तारा येथे आहे. स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. पारीख यांनी ते १९६० च्या दशकाच्या आरंभी उभारले, आणि २०२५ च्या गांधीजयंतीला शंभरी गाठून ते गेले तोवर त्याची काळजी वाहिली. आदिवासी वस्त्यांत आरोग्य, शिक्षण, ग्रामोद्योग यांचे काम तेथे चालते. महापौराचे स्मारक दगडात न होता कामात झाले, हे त्या माणसाला शोभणारे आहे.

आपल्या शहरात आता महापौर असतील. ते कोणत्या पक्षाचे हा आजचा प्रश्न नाही. त्यांच्या टेबलावर आपल्या शाखेचे निवेदन आहे की नाही, हा प्रश्न आहे. पुढच्या महिन्याच्या शाखासभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या.